एक म्हणजे समजलं

शिट्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. अवजड यंत्रांच्या कारखान्यात, मोठ्या शॉपमध्ये, म्हणजे जुळणीच्या शेडमध्ये, तिने बावीस वर्षं क्रेनला खालून खुणा केल्या. गळ्यात शिट्टी, हातात लाल मोजे आणि डोक्यावर लोखंड, असा तिचा अवतार असायचा. वर, छपराला लागून रुळांवरून पुढेमागे जाणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये तिचा नवरा बसायचा. त्याला सगळे 'वरचा' म्हणत. काम रखडलं की फोरमन छपराकडे बोट दाखवून म्हणायचा, "वरच्याची मर्जी." नव्याने भरती झालेल्यांना वाटायचं, फोरमन फार श्रद्धाळू आहे.

शॉपमध्ये यंत्रांचा एवढा गोंगाट, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, मग छपरातल्या माणसाचं काय येणार? म्हणून ती हाताने खूण करायची आणि तो हॉर्न वाजवायचा. एक हॉर्न म्हणजे समजलं, करतो. दोन म्हणजे नाही, थांब. बस्स, एवढीच भाषा. एवढ्याशा भाषेच्या भरवशावर आठ-आठ टनांचे नग तिच्या डोक्यावरून गेले आणि तिच्या केसालाही धक्का लागला नाही. नग वेडावाकडा असला, मनात जराशी शंका असली, तर ती वळसा घालून पलीकडच्या बाजूला जायची आणि तिकडून तोंड करून तीच खूण पुन्हा द्यायची. तिकडूनही एकच हॉर्न आला तरच नग जमिनीवरून हलायचा. शंका असेल तर उचलायचं नाही, हा शॉपचा पहिला नियम, आणि तो दोघांनी कधी मोडला नाही.

लग्नही त्यांचं त्या शॉपमध्येच जमलं आणि संसारही त्याच भाषेत झाला. भाजी आणायला सांगितली की तो टेबलावर बोटाने एकदा टक करायचा. लेकीने सहलीला जाऊ का विचारलं की दोनदा. लेक वैतागून म्हणायची, "आपल्या घरात माणसं कमी आणि दारं जास्त. सगळे नुसते ठोठावतात." मुळात तो कमी बोलणारा, आणि शिट्टी दोघांच्या वाटचं बोलणारी, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी वरचा पहिल्यांदा पडला. ठेच लागून पुढे पडला असता तर कोणी मनावर घेतलं नसतं. हा कपाटाचं दार उघडता उघडता सरळ मागे गेला, तोल सावरायला हातही न हलवता. महिन्याभरात आणखी दोनदा तसाच पडला. मग शर्टावर सूप सांडायला लागलं. ताटात काय आहे ते त्याला दिसेना, जिन्याची पायरी कुठे संपते ते कळेना. शिट्टीने त्याला तीन वेळा चष्मा बदलून दिला. तिसऱ्या वेळी चष्मेवाला म्हणाला, "बाई, यांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत." एका डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून वर्षभर गोळ्या दिल्या. हात काही थरथरत नव्हते आणि गोळ्यांनी फरकही पडत नव्हता. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लागला. बाई हळू आवाजात बोलणाऱ्या, पण नजर करडी. त्यांनी बोट त्याच्या नाकासमोर धरून डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. डोळे मागोमाग गेले. बोट खाली नेलं. डोळे जागचे हलले नाहीत. ज्या माणसाने जन्मभर खाली बघून पोट भरलं, त्याला खाली बघता येत नव्हतं. मग बाई म्हणाल्या, "मी वाजवते तशा तीन टाळ्या वाजवा." त्याने तीन वाजवल्या, चौथी वाजवली, आणि वाजवतच राहिला. शिट्टीने अकरा मोजल्या. ती हसली आणि म्हणाली, "डॉक्टर, तुमचं भाषण आवडलेलं दिसतंय त्यांना." बाईही जराशा हसल्या आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते विचारावं असं शिट्टीला तेव्हा वाटलं नाही.

आजाराचं नाव लांबलचक निघालं. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. बाईंनी समजावून सांगितलं, की हा पार्किन्सनच्याच घराण्यातला, पण क्वचित भेटणारा आणि स्वभावाने वाईट. औषध जवळजवळ नाहीच. आधी तोल, मग नजर, मग बोलणं, मग गिळणं. आणि शेवटपर्यंत बऱ्याच गोष्टी त्यांना कळत राहतील, हे बाईंनी दोनदा सांगितलं.

त्यानंतरची पाच वर्षं शिट्टी कोणाला सांगायला बसली नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? खुर्चीतून तो स्प्रिंग सुटल्यासारखा उठायचा आणि धाडकन मागे पडायचा. "उठू नका" हजारदा सांगून झालं. मग तिने माळ्यावरच्या पेटीतून शिट्टी काढली आणि स्वयंपाकघरातून त्याची हालचाल दिसली की फुंकायची. अंगवळणी पडलेली सवय ती. शिट्टी ऐकली की तो जागच्या जागी थांबायचा. शेजारी तक्रार घेऊन आले, तर तिने त्यांना आत नेऊन त्याच्या डोक्याला पडलेले टाके दाखवले. ते परत गेले. वर्षभर शिट्टीच्या आवाजाने काम केलं, मग त्याचाही उपयोग होईना. तोवर उठणंच बंद झालं म्हणून बरं.

चेहराही बदलला. कपाळ वर ताणलेलं, डोळे मोठे, पापणी लवायची नाही. कोणीतरी भलतीच बातमी सांगितल्यासारखा तो सगळ्यांकडे बघायचा. भेटायला येणारे त्या नजरेने बावरायचे, आणि हळूहळू येईनासे झाले. बोलणं आधी जडावलं, मग पुटपुटण्यावर आलं, मग गेलं.

बोलणं गेलं त्या आठवड्यात लेक रडली, पण शिट्टी नाही रडली. तिने त्याचा उजवा हात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर ठेवला आणि म्हणाली, "अहो, हॉर्न आहे ना अजून?" त्याने मधल्या बोटाने एकदा टक केलं. तिला एवढा आनंद झाला, की तिने ते डॉक्टरांना सांगितलं, औषधांच्या दुकानात सांगितलं, फोन करून निवृत्त फोरमनलाही सांगितलं. इतरांच्या घरी आजारी माणूस गप्प पडतो, आमच्याकडे हॉर्न चालू आहे, अशी तिची मिजास.

वर्षभर ते छान चाललं. मग वरचा नाही म्हणायला लागला.

सुरुवात चहापासून झाली. सकाळचा चहा घट्ट करायची पूड घालून ती चमच्याने पाजायची, कारण पातळ काही घशात गेलं की ठसका लागायचा. एका सकाळी विचारलं, "चहा पाहिजे?" दोन ठोके. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी तीन. आठवडाभर विचारून तिने चहा बंद केला. मग खिडकी उघडू का, दोन ठोके. लेकीला फोन लावू का, दोन ठोके, आणि वर आणखी एक. पेपर वाचून दाखवू का, नाही. दाढी करू का, नाही, तरी ती करायची. पूर्वी त्याच्या पलंगाला लागूनच जमिनीवर तिची गादी असायची. एका संध्याकाळी, कंबर धरली होती, लवकर आडवं व्हायचं होतं म्हणून, तिने सहज विचारलं, "मी इथेच झोपू ना?" टक, टक. मग तिने गादी गुंडाळली, बाहेरच्या खोलीत नेऊन टाकली, आणि त्या रात्रीपासून तिथेच झोपायला लागली.

याला आता आठ महिने झाले होते. राग आला होता म्हणावं, तर रागालाही जोर लागतो. ती फक्त थकली होती. एका जेवणाला दीड तास, दिवसाला तीन जेवणं, मध्ये कपडे, कूस बदलणं, पाठीला तेल, आणि या सगळ्याला त्या माणसाचं उत्तर एकच, नाही. नाकी नऊ आले होते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं ती मनात म्हणायची आणि चमचा पुढे करायची.

पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाई पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या.

"अन्न श्वासनळीत उतरतंय," त्या म्हणाल्या. "वजन चव्वेचाळीस किलोवर आलंय. आता दोन रस्ते आहेत. एक, पोटाला लहानसं भोक पाडून थेट नळी बसवायची. आजार त्याने थांबणार नाही, हे आधीच सांगते. पण उपासमार होणार नाही, काही महिने मिळतील, कदाचित जास्तही. दुसरा, नळी नाही. तोंडाने जाईल तेवढं द्यायचं, आणि पुढचा न्यूमोनिया आला की त्याच्याशी भांडायचं नाही. दोन्ही रस्ते चुकीचे नाहीत. पण हे त्यांनी सांगायला हवं. त्यांना कळतंय."

शिट्टीने त्याचा हात कठड्यावर ठेवला. "अहो, ऐकलंत ना सगळं? बसवायची नळी?"

टक. टक. आणि जरा थांबून, टक.

"नाही म्हणतायत," शिट्टी म्हणाली.

"नक्की?"

"डॉक्टर, बावीस वर्षं यांच्या हॉर्नवर मी आठ टनांच्या खाली उभी राहिले आहे."

शिट्टीने कागदावर सही केली. बाई म्हणाल्या, "येत्या सोमवारी दुपारपर्यंत मी जागा राखून ठेवते. मन बदललं तर फोन करा. त्यानंतर मात्र नळी बसवण्याएवढीही ताकद त्यांच्यात राहील असं वाटत नाही."

लिफ्टची वाट बघत उभी असताना शिट्टीला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोला? खांद्यावरून पोतं उतरावं तसं वाटलं. थोडे आठवडे, फार तर दोन महिने, मग झोप. सलग, कोणी न उठवता झोप. पुढच्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली, पण लिफ्ट आली, चाकाची खुर्ची आत ढकलायची होती, आणि लाज तिथेच राहिली.

लेकीने फोनवर विचारलं, "आई, बाबांना प्रश्न नीट कळला होता ना?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून कळतोय त्यांना माझा प्रश्न," शिट्टी म्हणाली. "मला शिकवू नकोस."

शनिवारी व्यायामाच्या बाई आल्या. आधीच्या बाई गावी गेल्या म्हणून या नव्याच, अंगाने भरभक्कम आणि तोंडाने त्याहून. हातपाय हलवता हलवता त्यांचं बोलणं चालूच. शिट्टी दारात बसून धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत होती.

"चला काका, तीन टाळ्या वाजवा बघू माझ्यासारख्या," बाई म्हणाल्या.

त्याचे हात जेमतेम एकमेकांपर्यंत पोहोचत होते. एक, दोन, तीन. मग चार, पाच. आवाज न होणाऱ्या त्या टाळ्या चालूच राहिल्या. बाईंनी शेवटी दोन्ही हात धरून खाली ठेवले.

"असू दे, असू दे. या आजारात असतंच ते," त्या शिट्टीला म्हणाल्या. "एकदा हात सुरू झाला की थांबत नाही. करायचं एक असतं, पण मेंदूचा ब्रेक लागत नाही ना. माझ्या आधीच्या पेशंटचं तर दार ठोठावणं थांबायचं नाही."

शिट्टीच्या हातातली चादर अर्धवट घडीत राहिली.

बाई पुढे गुडघ्यांच्या व्यायामाबद्दल बरंच काही बोलल्या. शिट्टीने मान डोलावली, त्यांना दारापर्यंत सोडलं, कडी लावली आणि कडीवर हात ठेवून तिथेच उभी राहिली. अकरा टाळ्या. पाच वर्षांपूर्वी तिने स्वतः मोजल्या होत्या आणि वर विनोद केला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. हॉर्न बिघडला होता. एक ठोका द्यायला गेलं तरी दोन पडत होते, तीन पडत होते, आणि ती खाली उभी राहून मोजत होती, नाही, नाही, नाही.

मग तिला चहा आठवला. मग गादी. मग कागदावरची सही.

तरी शनिवारी ती काही बोलली नाही. रविवारीही नाही. हे सांगायला तिला आवडलं नसतं, पण खरं ते खरं. जाऊ दे, असं तिच्या मनाने पहिल्यांदा म्हटलं. खरंच नाही म्हणत असतील. कशावरून सगळेच ठोके खोटे? असल्या जगण्याला कोण हो म्हणेल? आणि विचारणार तरी कसं, बोट तर फितूर झालं. हे तिच्याशिवाय कोणालाच कळलेलं नव्हतं. व्यायामाच्या बाईंना ठोक्यांचं माहीत नव्हतं, डॉक्टरीणबाईंना तिने ठासून सांगितलं होतं, लेकीला गप्प केलं होतं. तिने नुसता सोमवार दुपारपर्यंत वेळ काढला असता, तरी कोणी तिच्याकडे बोट दाखवलं नसतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. फोनची घंटी वाजली तरी ती दचकायची.

रविवारी दुपारी त्याला सूप पाजताना ऊन डोळ्यांवर आलं म्हणून ती पडदा ओढायला उठली. खिडकीपाशी जाऊन वळली, तर त्याचे डोळे तिच्याकडे होते. ती कपाटाकडे गेली, टॉवेल काढला. डोळे सावकाश, अडखळत, तिच्या मागे कपाटाकडे आले. ते वर जात नव्हते, खाली जात नव्हते, पण आडवे जात होते. हुक बिघडला होता, क्रेन रुळावर अजून चालत होती.

ती टॉवेल धरून उभी राहिली. म्हणजे विचारता येणार होतं. एवढी सबब होती, तीही गेली.

शंका असेल तर उचलायचं नाही. ही शंका मात्र आता तिच्या मानगुटीवर बसली होती.

सोमवारी सकाळी तिने त्याचं तोंड पुसलं, पलंगाचा डोक्याकडचा भाग उंच केला आणि पायथ्याशी, त्याच्या नजरेच्या बरोबर समोर, उभी राहिली. हात आपोआप खुणेसाठी वर गेला, तो तिने खाली घेतला.

"अहो, ऐका. बोटाने काही सांगू नका. बोट खोटारडं झालंय, त्यात तुमचा दोष नाही. आता डोळ्यांनी सांगायचं. हो असेल तर खिडकी. नाही असेल तर कपाट. घाई नाही, सावकाश."

तो रोखून बघत राहिला, त्या कायमच्या चकित चेहऱ्याने.

"मी शिट्टी आहे का?"

काही घडलं नाही. तिने मनात वीसपर्यंत मोजलं. मग डोळे हलले. थांबले, पुन्हा हलले, आणि खिडकीवर जाऊन टेकले.

"आपल्याला दोन मुली आहेत का?"

एकच लेक होती त्यांना. डोळे खिडकीवरून निघाले, तिच्यावरून गेले आणि कपाटाशी थांबले.

"माझ्या हातचं सूप चांगलं असतं का?"

डोळे कपाटावरून हललेच नाहीत. तिला हसू फुटलं. माणूस होता तसाच होता. आत तसाच बसला होता, वर केबिनमध्ये, आणि ती आठ महिने त्याच्याशी अबोला धरून होती.

"चहा पाहिजे का तुम्हाला?"

खिडकी.

"रोज पाहिजे होता का?"

डोळे खिडकीवरच राहिले. तिला वाटलं, थकले असतील, म्हणून तिने त्यांना विसावा दिला, बोटांनी पापण्या अलगद मिटल्या, उघडल्या, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. डोळे तिच्यावर आले आणि परत खिडकीवर गेले.

ती पलंगाच्या कडेवर बसली. दोनशे चाळीस सकाळी. रोज त्याच्यासमोर बसून तिने एकटीने चहा प्यायला होता. गादीचं विचारायचा धीर तिला झाला नाही. ते न विचारताच कळण्यासारखं होतं.

घड्याळात साडेदहा झाले होते. ती उठली आणि पुन्हा पायथ्याशी उभी राहिली.

"आता शेवटचं. डॉक्टरांनी सांगितलेली नळी. त्याने बरं वाटणार नाही तुम्हाला. असंच पडून राहावं लागेल, याहून वाईट होत जाईल. पण पोटात अन्न जाईल आणि दिवस मिळतील. नको असेल तर तेही बरोबर आहे, मी कुठे जात नाही, इथेच बसेन. नीट विचार करा." तिने श्वास घेतला. "नळी बसवायची?"

बाहेर कोणीतरी गाडी चालू करत होतं, ती पुन्हा पुन्हा बंद पडत होती. त्याचे डोळे तिच्यावर होते. तिला वाटलं, ते कपाटाकडे निघालेत. मग ते खिडकीकडे निघाले, मधे अडले, पुढे सरकले, आणि खिडकीवर जाऊन थांबले.

शिट्टी म्हणाली, "थांबा. एकदा पलीकडून."

नग वेडावाकडा असला की ती हेच करायची, आणि नियमाला धरूनच होतं ते. पण तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं, की आज ती नियमासाठी बाजू बदलत नव्हती. डोळे दमून त्या खिडकीवर अडकून पडलेत, असं निघावं, एवढंच तिला हवं होतं.

"आता उलटं. हो म्हणजे कपाट. नाही म्हणजे खिडकी. कळलं? कपाट म्हणजे हो." तिने पुन्हा विचारलं, "नळी बसवायची?"

डोळे खिडकीवर होते. तसेच राहिले. तिने दहा मोजले, वीस मोजले. पंचविसाव्या अंकाला ते सुटले. तिच्यापाशी येऊन थांबले, एवढा वेळ थांबले की तिला ते सोसवेना, आणि मग हळूहळू, रुळाचा एकेक सांधा ओलांडावा तसे, कपाटाकडे गेले.

त्याला जगायचं होतं. अशा अंगाने, अशा पलंगावर, तिच्या हातचं बेचव सूपही न मिळता, त्याला जगायचं होतं.

ती बाहेरच्या खोलीत गेली आणि फोन लावला. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगताना तिने टाळ्यांपासून सुरुवात केली. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी विचारायला हवं होतं, उत्तर कसं घेताय ते." मग म्हणाल्या, "बुधवारी सकाळी आणा. उपाशीपोटी." शिट्टी बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर ती सोफ्यावर बसली आणि रडली, त्याच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी, कारण झोप पुन्हा लांब गेली होती. पाचेक मिनिटं रडून झाल्यावर तिने उठून चहा टाकला, दोन कप.

पूड घालून चहा घट्ट केला, निववला आणि आत आली. पहिला चमचा त्याच्या जिभेवर ठेवला. गिळायला त्याला मिनिटभर लागलं. ठसका लागला नाही.

"बुधवारी जायचंय," ती म्हणाली. दुसरा चमचा भरला, पण पुढे केला नाही. "अहो, एक सांगायचंय. तुम्ही नाही म्हणावं, असं वाटत होतं मला. मी फार दमलेय हो. शनिवारीच कळलं होतं मला हे बोटाचं, आणि दोन दिवस मी गप्प बसले."

तिने त्याच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. खिडकी नको होती आणि कपाटही नको होतं. चमचा कपात ठेवला. कठड्यावर त्याचा हात होता. मधलं बोट हललं.

टक.

ती थांबली. दुसरा ठोका येणार हे तिला माहीत होतं, आणि तो आलाच, आणि तिसरा, चौथा. बोट वाजत राहिलं. पण शॉपमध्ये एक हॉर्न म्हणजे नुसतं हो कधीच नव्हतं. एक म्हणजे समजलं. तिने पहिला ठोका धरला आणि बाकीचे आजाराच्या नावावर सोडून दिले.

मग त्याच्या बोटाखाली आपला तळहात घातला, म्हणजे ते लोखंडावर आपटून दुखायला नको, आणि दुसऱ्या हाताने चमचा उचलला. चहा निवत चालला होता. तो संपल्यावर तिला बाहेरच्या खोलीतून गादी आणायची होती.